दिवाणखान्यातील संगणक आणि प्रेक्षकाची वहिवाट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे 2000 ते 2010 या दशकात अनेक गृहस्थांनी आपल्या दिवाणखान्यातील टी.व्ही.खाली, पूर्वी जेथे व्हीसीआर असे त्याच फळीवर, स्वतःच्या हातांनी जुळवलेला एक संगणक आणून ठेवला. त्याला छपरावरच्या अँटेनाची तार जोडलेली असे, पोटात मोठी हार्ड डिस्क असे, कळफलकाऐवजी रिमोट असे. आणि घरातील माणसे झोपलेली किंवा कामावर गेलेली असताना ठरल्या वेळी आपण होऊन जागे व्हावे आणि हवेतून येणारा कार्यक्रम टिपून ठेवावा, हे त्याचे मुख्य कार्य असे. व्हीसीआरविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि इंटरनेटवरून घरपोच येणाऱ्या चित्रपटांविषयी आज रोज लिहिले जाते. परंतु या दोहोंच्या मधल्या काळात ज्या यंत्राने प्रेक्षकाचा संसार चालवला, त्या मीडिया सेंटर संगणकाचा इतिहास मात्र अद्याप कोणी नीट मांडलेला दिसत नाही. मला ही कथा मुख्यतः एका हक्काची कथा वाटते. आपल्या घरी आलेले प्रक्षेपण आपल्या सवडीने पाहण्याची जी वहिवाट सामान्य प्रेक्षकाने व्हीसीआरच्या काळात पाडली होती, ती हाय डेफिनिशनच्या काळात बुडण्याचा प्रसंग आला असता, ती अखंड चालू ठेवण्याचे श्रेय या घरगुती जुळणी करणाऱ्या मंडळींना आहे, असे माझे मत आहे.

या वहिवाटीला कायद्याची मान्यता कशी मिळाली, ते प्रथम पाहिले पाहिजे. 1975 साली सोनी कंपनीने बेटामॅक्स यंत्र बाजारात आणल्यावर युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रसंस्थांनी पुढच्याच वर्षी तिच्यावर फिर्याद गुदरली. त्यांचे म्हणणे असे की, घरात बसून कार्यक्रम मुद्रित करणारा प्रत्येक प्रेक्षक आमच्या स्वामित्वहक्काचा भंग करतो, आणि त्याला तसे करण्याचे साधन पुरवणारा कारखानदार त्या भंगाला जबाबदार आहे. 1979 साली खालच्या न्यायालयाने निकाल सोनीच्या बाजूने दिला, 1981 साली अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि शेवटी 17 जानेवारी 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने असा निवाडा दिला की, विनामूल्य प्रक्षेपित झालेला कार्यक्रम नंतर पाहता यावा म्हणून घरी मुद्रित करणे हा न्याय्य वापर होय. निवाडा लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी खालच्या न्यायालयात झालेल्या एका साक्षीचा आवर्जून उल्लेख केला आहे. ती साक्ष मुलांच्या कार्यक्रमांसाठी घरोघरी ठाऊक असलेल्या फ्रेड रॉजर्स यांची होती. आपला कार्यक्रम कुटुंबांनी मुद्रित करून सोयीच्या वेळी मुलांसह पाहावा याला त्यांची मुळीच हरकत नव्हती. एका मताचा फरक पडता, तर पुढे जे काही घडले त्यातले बहुतेक घडलेच नसते.

आता दुसरा धागा. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने 1125 रेषांची अतिस्पष्ट दूरचित्रवाणी सिद्ध केली आणि 1981 साली अमेरिकेत तिचे प्रात्यक्षिक करून दाखवले. तेथील प्रसारक सावध झाले. आपल्या ताब्यातील रिकाम्या रेडिओलहरी सरकार फिरत्या रेडिओसेवांना देऊन टाकील ही भीतीही त्यांना होतीच. त्यांनी 1987 साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे अर्ज केला, आणि त्या आयोगाने रिचर्ड वायली यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमली. प्रारंभीचे सर्व आराखडे जुन्याच अॅनालॉग पद्धतीचे होते. 1990 साली जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने संपूर्ण अंकीय पद्धतीचा मसुदा सादर केला आणि त्या क्षणी जपानी पद्धती जुनी ठरली. पुढे 1993 साली एटी अँड टी, झेनिथ, फिलिप्स, थॉमसन, सारनॉफ, एमआयटी आणि जनरल इन्स्ट्रुमेंट या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन ‘ग्रँड अलायन्स’ नावाची युती केली, आणि तिच्या कामातून जी पद्धती निघाली ती आयोगाने 24 डिसेंबर 1996 रोजी मंजूर केली.

मंजुरीच्या आधी जो वाद झाला तो आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. प्रसारकांना 1080 रेषांचे चित्र एकाआड एक रेषा पाठवून दोन खेपांत पुरे करण्याची जुनी रीत ठेवायची होती. संगणकाच्या उद्योगाने मात्र ही रीत कालबाह्य असून पडद्यावर मजकूर वाचताना डोळ्यांना त्रास देणारी आहे असे निक्षून सांगितले आणि सर्व रेषा एकदम पाठवण्याचा आग्रह धरला. तडजोड अशी झाली की, चित्राच्या आकारांचे कोष्टकच आयोगाने सक्तीतून वगळले. त्यामुळे 1920 गुणिले 1080 बिंदूंचे एकाआड रेषांचे चित्र आणि 1280 गुणिले 720 बिंदूंचे सलग चित्र, असे दोन्ही आकार शेजारी शेजारी नांदू लागले. संगणकवाल्यांचा एक आग्रह मात्र दोन्ही आकारांत सफळ झाला. तो म्हणजे चित्राचा प्रत्येक बिंदू चौरस असावा. दूरचित्रवाणीचे चित्र आणि संगणकाचा पडदा यांची मापे एकाच मोजपट्टीने मोजता येऊ लागली, आणि दिवाणखान्यात संगणक येण्याची वाट येथेच मोकळी झाली. स्टुडिओत सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट इतका पसारा असलेले चित्र एमपेग-2 पद्धतीने दाबून सहा मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीत, सेकंदाला 19.39 मेगाबिटच्या प्रवाहात बसवले गेले. हा प्रवाह हवेतून कोणत्याही कुलपाविना येत असे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ऑक्टोबर 1998च्या अखेरीस वयोवृद्ध अंतराळवीर जॉन ग्लेन यांच्या दुसऱ्या उड्डाणाचे दृश्य या पद्धतीने प्रक्षेपित झाले, आणि 1 नोव्हेंबरपासून मोठ्या शहरांत नियमित प्रसारण सुरू झाले. संच भयंकर महाग होते. परंतु त्याहून मोठी अडचण ही की, नव्या पद्धतीचे प्रक्षेपण मुद्रित करण्याचे परवडण्यासारखे साधनच नव्हते. 1999 साली टिव्हो आणि रिप्लेटीव्ही या हार्ड डिस्कवर मुद्रण करणाऱ्या पेट्या निघाल्या खऱ्या, आणि त्यांनी प्रेक्षकाला चालू कार्यक्रम थांबवण्याची, मागे नेण्याची गोडी लावली, पण त्या जुन्या अॅनालॉग चित्रापुरत्याच होत्या. हाय डेफिनिशन मुद्रित करणारी टिव्होची पहिली पेटी 2004 साली निघाली, तीही एका उपग्रहसेवेशी बांधलेली आणि 999 डॉलर किमतीची. स्वतंत्र पेटीसाठी तर 2006चा सप्टेंबर उजाडावा लागला, आणि तिचीही किंमत 799 डॉलर होती. म्हणजे प्रसारण सुरू झाल्यावर आठ वर्षेपर्यंत सामान्य माणसाच्या वहिवाटीला यंत्राचा आधार नव्हता. गृहस्थांनी स्क्रूड्रायव्हर हाती घेतला तो या आठ वर्षांत.

संगणक आणि टी.व्ही. यांचे लग्न लावण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. गेटवे 2000 या कंपनीने 1996 साली ‘डेस्टिनेशन’ नावाचा 31 इंची पडद्याचा संगणक विकायला काढला होता. तो महाग होता आणि फार चालला नाही. शतकाच्या अखेरीस चित्रदर्शनाचे काही शौकीन आपल्या प्रोजेक्टरला संगणक जोडून डीव्हीडी पाहू लागले, कारण हजारो डॉलरच्या यंत्राने होणारे चित्राचे संस्करण संगणक थोडक्या खर्चात करी. परंतु घरातील सर्वांना वापरता येईल असे काही निर्माण झाले ते मुक्त आज्ञावलींच्या चळवळीतून. जर्मनीत क्लाउस श्मिडिंगर यांनी 2000 सालाच्या सुमारास उपग्रहावरील अंकीय प्रक्षेपण मुद्रित करणारी ‘व्हीडीआर’ ही आज्ञावली लिहिली. आणि अमेरिकेत आयझॅक रिचर्ड्स यांनी, केबलवाल्यांनी दिलेल्या पेटीचा कंटाळा येऊन, 2002 साली ‘मिथटीव्ही’चा आरंभ केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टनेही विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली. ती दिसायला देखणी आणि वापरायला सोपी होती, पण प्रारंभी ती केवळ तयार संगणकासोबतच मिळे, आणि अँटेनावरील हाय डेफिनिशनची तरतूद तिच्यात ऑक्टोबर 2004मध्ये आली.

मिथटीव्हीची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. तिचे दोन भाग असत. एक भाग ट्यूनर आणि हार्ड डिस्क सांभाळणारा, जो तळघरात किंवा कपाटात राहिला तरी चाले. दुसरा भाग टी.व्ही.पाशी बसून रिमोटच्या आज्ञा ऐकणारा. आणि दोहोंच्या मध्ये कोणता कार्यक्रम केव्हा, कोणत्या वाहिनीवर, किती वेळा यायचा याचे दप्तर ठेवणारा माहितीसंच. एकाच वेळी तीन कार्यक्रम आले आणि ट्यूनर दोनच असले, तर कोणता कार्यक्रम पुन्हा लागणार आहे हे दप्तरात पाहून तो पुढे ढकलण्याची समज त्या आज्ञावलीत होती. कार्यक्रमांमधल्या जाहिराती ओळखण्याची तिची रीतही पाहण्यासारखी होती. दोन जाहिरातींच्या मध्ये क्षणभर पडदा काळा होतो, आणि कार्यक्रम चालू असताना कोपऱ्यात दिसणारे वाहिनीचे चिन्ह जाहिरात लागताच नाहीसे होते, या दोन खुणांवरून मुद्रणाच्या कोणत्या भागाला कात्री लावायची याची नोंद ती करून ठेवी. अशीच सोय रिप्लेटीव्हीच्या पेटीत होती. परंतु त्याबद्दल 2001 साली चित्रसंस्था आणि वाहिन्या यांनी कंपनीवर दावे लावले, 2003 साली कंपनीचे दिवाळे निघाले, आणि जिने तो धंदा विकत घेतला तिने ती सोय पुढच्या यंत्रांतून काढून टाकली. कंपनीवर दावा लावता येतो, तिची मालमत्ता जप्त करता येते. शेकडो हातांनी लिहिलेल्या आणि कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या आज्ञावलीचे काय करावे, हे फिर्यादी पक्षाला कधी उमगले नाही.

अशा संगणकाची जुळणी 2004-05च्या सुमारास कशी होत असे, ते जवळून पाहण्याजोगे आहे. पहिली निवड ट्यूनर कार्डाची. लिनक्सवर चालणारे पीसीएचडीटीव्ही या छोट्या कंपनीचे एचडी-3000 हे कार्ड त्या वर्तुळात प्रसिद्ध होते. येथे एक विलक्षण गोष्ट नवशिक्याच्या लक्षात येई. जुने अॅनालॉग चित्र मुद्रित करायचे, तर ते दाबून अंकांत बसवण्याचे सारे कष्ट घरच्या यंत्राला पडत, आणि त्यासाठी हॉपॉगच्या पीव्हीआर-250सारखे स्वतंत्र चिप असलेले कार्ड घ्यावे लागे. उलट हाय डेफिनिशनचे चित्र प्रसारकाने आधीच दाबून पाठवलेले असल्यामुळे हवेतून आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवला की मुद्रण पुरे झाले. अगदी दुबळ्या संगणकालाही ते जमे, आणि जी प्रत मिळे ती प्रसारकाने पाठवलेल्या चित्राच्या तंतोतंत बरोबरीची असे. व्हीसीआरच्या काळात असे कधीही झाले नव्हते. तासाभराच्या कार्यक्रमाला पूर्ण प्रवाहाच्या हिशेबाने सुमारे 8.7 गिगाबाइट लागत, म्हणजे त्या काळी मोठी समजली जाणारी 250 गिगाबाइटची डिस्क अठ्ठावीस तासांत भरून जाई.

कष्ट होते ते पाहताना. 1080 रेषांचे चित्र उलगडण्यासाठी तीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा पेंटियम लागे, आणि तोही अगदी घामाघूम होई. म्हणून चित्र उलगडण्याचे काही काम एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर सोपवण्याची युक्ती करीत. त्यातून एकाआड एक रेषांचे चित्र सलग पडद्यावर दाखवायचे म्हटले, की धावणाऱ्या माणसाच्या कडांना फणीचे दात फुटत. हे दात मोडण्यासाठी अर्धी-अर्धी चित्रे एकमेकांत मिसळावीत, की हलणारा भाग ओळखून तेवढ्याच ठिकाणी नव्या रेषा भराव्यात, यावर जाणकारांत अखंड खल चाले. चित्रपटाची गोष्ट आणखी निराळी, कारण त्याची सेकंदाला 24 चित्रे असतात आणि ती 60 खेपांत बसवण्यासाठी एक चित्र दोनदा व पुढचे तीनदा असा ठेका धरलेला असतो; तो ठेका उलट दिशेने ओळखून मूळची 24 चित्रे परत मिळवली, तर पडदा एकदम शांत होतो. ज्यांनी ही शांतता एकदा पाहिली त्यांना त्यासाठी रात्री जागवल्याचे वाईट वाटत नसे.

ही झाली चित्राची कथा; आवाजाची कथा वेगळीच. कचेरीत चालणारा संगणक घोंघावला तर कोणाचे लक्ष जात नाही, पण दिवाणखान्यात नाटकातील हळुवार संवाद चालू असताना पंख्याची घरघर असह्य होते. त्यामुळे लहान वेगवान पंखे काढून 120 मिलिमीटरचे संथ पंखे बसवणे, त्यांच्याखाली रबराच्या चकत्या घालणे, प्रोसेसरवर भला थोरला तांब्याचा उष्णताशोषक चढवणे, आणि हार्ड डिस्क स्क्रूने न आवळता इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर झुलती ठेवणे, असे नाना उपाय लोक करीत. आणि सिल्व्हरस्टोन, अँटेक यांसारख्या कंपन्यांनी पुढे आडव्या बैठकीच्या, दिसायला अॅम्प्लिफायरसारख्या पेट्या विकायला काढल्या त्या या लोकांच्या मागणीमुळेच. रिमोटचे किरण टिपणारा ग्राहक पाच-सहा सुट्या भागांतून डाख देऊन तयार करता येई आणि तो संगणकाच्या सिरियल पोर्टला जोडत. छपरावर अँटेना लावण्याचे काम मात्र केवळ अनुभवाने साधे. अॅनालॉगच्या काळात संदेश क्षीण झाला तर चित्रावर मुंग्या दिसत आणि माणूस तरीही बातम्या पाही. नव्या पद्धतीत चित्र एक तर निर्दोष येई किंवा चौकोनी ठिकऱ्या होऊन थिजे, मधली अवस्था नाही. समोरच्या इमारतीवरून परावर्तित होणाऱ्या लहरींनी प्रारंभीचे ट्यूनर अगदी भांबावून जात, आणि अँटेना वीतभर सरकवली की नाहीशी झालेली वाहिनी परत येई.

संगणक तयार झाला तरी त्याला कार्यक्रमांची जंत्री हवी. ती नसेल तर यंत्र आंधळे. प्रारंभी ही जंत्री वेगवेगळ्या ठिकाणांहून खरडून गोळा करीत. मग झॅप2इट या संस्थेने आपली माहिती मुक्त आज्ञावली वापरणाऱ्यांना विनामूल्य देण्याचे औदार्य दाखवले. 2007 साली तिने ही सेवा 1 सप्टेंबरपासून बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा हजारो यंत्रे एका दिवसात निरुपयोगी होण्याची वेळ आली. मुदत काही आठवड्यांची होती. मिथटीव्ही आणि जंत्री गोळा करणारी एक्सएमएलटीव्ही ही आज्ञावली यांच्या कार्यकर्त्यांनी तेवढ्यात ‘शेड्यूल्स डायरेक्ट’ नावाची ना-नफा संस्था उभी केली, मूळ पुरवठादाराशी करार केला आणि सभासदांच्या वर्गणीतून ती माहिती विकत घेऊन वाटण्याची व्यवस्था लावली. ती संस्था आजही चालू आहे. विस्कळित समजल्या जाणाऱ्या छांदिष्ट मंडळींनी एवढ्या अल्प अवधीत इतका पक्का बंदोबस्त केला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत स्पृहणीय वाटते.

परंतु खरा कसोटीचा प्रसंग आधीच येऊन गेला होता. हवेतून येणाऱ्या बिनकुलपी प्रवाहाची हुबेहूब प्रत कोणालाही काढता येते, याने चित्रसंस्था अस्वस्थ झाल्या होत्या. त्यांच्या आग्रहावरून आयोगाने 4 नोव्हेंबर 2003 रोजी ‘ब्रॉडकास्ट फ्लॅग’चा नियम केला. प्रवाहात काही बिटांची एक खूण असेल, आणि 1 जुलै 2005 नंतर बनणाऱ्या प्रत्येक ग्राहकयंत्राने ती खूण पाहून त्या कार्यक्रमाच्या प्रतीवर निर्बंध घालावेत, असा हा हुकूम होता. वरवर तो सौम्य दिसतो. त्यातील मेख अशी की, यंत्र वापरणाऱ्याला त्यात फेरफार करता येऊ नये अशी अट त्याला जोडलेली होती; आणि मुक्त आज्ञावलीचे तर सारे स्वरूपच असे की, वापरणाऱ्याने ती वाचावी आणि हवी तशी बदलावी. म्हणजे मिथटीव्हीला जोडता येईल असे हाय डेफिनिशन कार्ड बनवणे त्या तारखेपासून बेकायदा ठरणार होते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्कांच्या संस्थेने तेव्हा लोकांना मुदत संपण्यापूर्वी कार्डे घेऊन ठेवण्याचे आवाहन केले आणि हाय डेफिनिशनचा मुद्रक संगणक घरी कसा जुळवावा याची पाककृतीवजा माहिती प्रसिद्ध केली. ज्या गोष्टीवर बंदी यायची आहे ती गोष्ट बंदीपूर्वी इतक्या घरांत पोचवावी की तिचा उपयोग किती निरपराध आहे हे सर्वांच्या प्रत्ययास यावे, असा त्यामागचा हेतू होता.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशन आणि इतर संस्थांनी या नियमाविरुद्ध वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती हॅरी एडवर्ड्स यांनी 6 मे 2005 रोजी दिलेल्या निकालात आयोगाचा नियम रद्दबातल ठरवला. त्याची मीमांसा सरळ आहे. लहरी हवेतून जात असतील तोपर्यंत त्यांच्यावर आयोगाचा अंमल चालतो. प्रक्षेपण पुरे होऊन ते घरातील यंत्रात पोचल्यावर त्या यंत्राने पुढे काय करावे हे ठरवण्याचा अधिकार काँग्रेसने आयोगाला कधी दिलेलाच नाही. अंमलबजावणीला दोन महिने उरले असताना नियम कोसळला, आणि कार्डे बनत राहिली. ट्यूनर संगणकाच्या बाहेर काढून घरातल्या नेटवर्कवर ठेवणारी ‘एचडीहोमरन’ ही पेटी त्यानंतर थोड्याच काळाने निघाली आणि जुळणीचे निम्मे कष्ट तिने वाचवले.

हवेतील लढाई जिंकली, तरी केबलच्या प्रांतात मात्र प्रेक्षकाची सरशी कधीच झाली नाही. केबलचा प्रवाह कुलूपबंद असे आणि किल्ली कंपनीच्या पेटीत. 1 एप्रिल 2004पासून ग्राहकाने मागितल्यास फायरवायरचे चालू तोंड असलेली पेटी द्यावी असा दंडक होता, आणि त्या तोंडातून काही वाहिन्या संगणकात घेता येत. कोणत्या वाहिन्या मोकळ्या ठेवायच्या हे मात्र बहुतांशी कंपनीच्या मर्जीवर. पुढे केबलकार्ड नावाची सुटी किल्ली निघाली. ती विंडोज व्हिस्टामध्ये चालण्याची सोय झाली, परंतु मान्यताप्राप्त कारखान्यातून तयार होऊन आलेल्या संगणकातच. घरी जुळवलेल्या संगणकाला मनाई. ही मनाई 2009मध्ये उठली, तोपर्यंत उत्साह ओसरला होता. ज्यांना धीर धरवत नव्हता त्यांनी 2008 साली हॉपॉगने काढलेली एचडी-पीव्हीआर पेटी घेतली, जी कुलूप उघडण्याच्या फंदात न पडता पेटीमागच्या अॅनालॉग तारांतून बाहेर पडणारे चित्रच पुन्हा मुद्रित करी.

याच काळात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर 2002 साली लिहिली गेलेली एक आज्ञावली एक्सबीएमसी नावाने वाढत होती. 733 मेगाहर्ट्झच्या त्या यंत्रावर हाय डेफिनिशन चालत नसे, पण तिची मांडणी इतकी सुबक होती की ती संगणकावर आली आणि 2014 साली कोडी या नावाने सर्वत्र पसरली. 2008च्या अखेरीस एनव्हिडियाने चित्र उलगडण्याचे सर्व काम ग्राफिक्स कार्डावर सोपवण्याची सोय लिनक्सला दिली, आणि ज्या कामासाठी चार वर्षांपूर्वी पेंटियमला घाम फुटे ते तळहाताएवढे यंत्र निःशब्दपणे करू लागले. साधने अशी पूर्णत्वाला पोचली आणि नेमकी त्याच वेळी त्यांची गरज कमी होऊ लागली. नेटफ्लिक्सने 2007 साली इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला आरंभ केला होता. अॅनालॉग प्रसारण 12 जून 2009 रोजी थांबले. आणि 2015 साली आलेल्या विंडोज 10मधून मायक्रोसॉफ्टने मीडिया सेंटर काढूनच टाकले.

आपल्याकडे ही कथा घडलीच नाही, कारण आपले हाय डेफिनिशन जन्मतःच डीटीएचच्या कुलूपबंद पेटीतून आले. 2008 साली निघालेल्या टाटा स्काय प्लससारख्या पेटीत मुद्रण करता येई, पण ते मुद्रण त्याच पेटीत कोंडलेले. पेटी बदलली की ते गेले. त्यामुळे मराठी घरांतील मीडिया सेंटर पेनड्राइव्हवरचे चित्रपट दाखवण्यापुरताच राहिला, आणि आपल्या प्रेक्षकाला या हक्काची चवच लागली नाही. हे नुकसान आपण कधी मोजले नाही.

अमेरिकेतही आता तोच हक्क पुन्हा पणाला लागला आहे. आयोगाने 2017 साली एटीएससी 3.0 या नव्या पद्धतीला परवानगी दिली, आणि गेल्या काही वर्षांत अनेक प्रसारकांनी त्या पद्धतीच्या विनामूल्य प्रक्षेपणाला कुलूप घातले आहे. परिणामी, घरात ट्यूनर ठेवून संगणकावर पाहणाऱ्यांना आपल्याच छपरावर येणारा प्रवाह उघडता येत नाही. 2005 साली न्यायालयाने आयोगाला नाकारलेला अधिकार येथे प्रसारकांनी आपसांतील कराराने स्वतःकडे घेतला आहे. प्रसारकांच्या राष्ट्रीय संघटनेने 2025 साली आयोगाकडे असाही अर्ज केला आहे की, जुने बिनकुलपी प्रसारण मोठ्या शहरांत 2028च्या फेब्रुवारीत आणि इतरत्र 2030मध्ये बंद करण्याची मुदत ठरवून द्यावी. सार्वजनिक लहरींचा परवाना विनामूल्य सेवेच्या अटीवर मिळालेल्या प्रसारकाला त्या लहरींवर कुलूप घालण्याचा अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि मुदत ठरवायचीच असेल, तर आयोगाने आधी कुलपे काढण्याचा हुकूम द्यावा.